पोहणे : स्नायूंचे आणि मेंदूचे

एक सोपा भागाकार करा. ५० मीटर अंतर ३७.३३ सेकंदांत कापले, तर वेग किती? उत्तर येईल सेकंदाला सुमारे १.३४ मीटर, म्हणजे ताशी ४.८ किलोमीटर. रस्त्याने झपझप चालणाऱ्या माणसाचा हा वेग आहे. पण पाणी हवेच्या सुमारे ८०० पट दाट असते. त्यातून हा वेग गाठायचा, आणि तोही पायांची मदत न घेता, हे सोपे काम नव्हे.

हे काम करणाऱ्या जलतरणपटूचे नाव मुरलीकांत पेटकर. जन्म १९४४ चा, सांगली जिल्ह्यातल्या वाळवा तालुक्यातील पेठ या गावचा. ते सैन्यात होते आणि मुष्टियुद्ध खेळत असत. १९६५ च्या युद्धात त्यांना गोळ्या लागल्या, पाठीच्या कण्याला इजा झाली आणि पायांतली शक्ती गेली. उपचारांचा भाग म्हणून ते पाण्यात उतरले. १९७२ मध्ये जर्मनीतील हायडेलबर्ग येथे अपंग खेळाडूंचे जागतिक सामने झाले, ज्यांना आज आपण पॅरालिम्पिक म्हणतो. तेथे त्यांनी ५० मीटर मुक्त शैलीत ३७.३३ सेकंदांचा जागतिक विक्रम करून सुवर्णपदक मिळवले. पॅरालिम्पिकमधील भारताचे हे पहिले सुवर्णपदक. २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री देऊन गौरवण्यात आले.

पाय चालत नसताना हे कसे जमले?

पाणी काय देते, काय मागते

आपल्या शरीराची सरासरी घनता पाण्याच्या घनतेच्या अगदी जवळ असते. त्यामुळे पाण्यात आपले वजन जवळजवळ सगळे प्लावक बलाने तोलले जाते. छाती भरून २ लिटर हवा आत घेतली, की शरीराचे आकारमान २ लिटरने वाढते. तितकेच जास्त पाणी बाजूला सरते आणि २ किलो वजनाइतका आधार जास्त मिळतो. 'श्वास भरून घे, घाबरू नकोस' हा विहिरीच्या काठावरचा उपदेश अर्किमिडीजच्या तत्त्वाला धरूनच आहे.

मात्र एक अडचण आहे. हवेने भरलेली फुप्फुसे छातीत असल्यामुळे वर उचलणारे बल छातीच्या बाजूला एकवटते. शरीराचा गुरुत्वमध्य मात्र त्याच्या खाली, ओटीपोटाजवळ असतो. ही दोन बले एका रेषेत नसल्याने शरीर फिरते आणि पाय खाली जाऊ लागतात. डोके पाण्याबाहेर काढले, की डोक्याला मिळणारा पाण्याचा आधार जातो आणि पाय आणखीच बुडतात. शरीर तिरपे झाले, की पाण्याचा विरोध वाढतो. म्हणून चांगला पोहणारा डोके पाण्यात ठेवतो आणि श्वासापुरते फक्त एका बाजूला वळवतो.

मुक्त शैलीत पुढे ढकलणारा बहुतेक जोर हातांचा असतो. पायांचे मुख्य काम शरीर आडवे ठेवण्याचे. ज्याचे पाय चालत नाहीत, त्याला हा तोल डोके, छाती आणि हात यांच्याच बळावर सांभाळावा लागतो. पेटकरांच्या यशामागे हे गणित होते.

तारा शाबूत, पण हुकूम विस्कळीत

आता दुसऱ्या प्रकारची अडचण पाहू. काही मुलांचे हातपाय धडधाकट असतात, बुद्धी चांगली असते, डोळे-कान ठीक असतात. तरीही बुटाची नाडी बांधताना, चेंडू झेलताना, सायकल शिकताना, वहीत सुबक अक्षर काढताना त्यांची दमछाक होते. वर्गात त्यांना 'वेंधळा', 'आळशी' अशी नावे पडतात. या स्थितीला डिस्प्रॅक्सिया किंवा हालचालींच्या समन्वयाचा विकासदोष म्हणतात. शाळकरी वयाच्या शंभर मुलांत सुमारे ५ ते ६ जणांना ती असते. याचा अर्थ, मोठ्या वर्गात असे दोन-तीन विद्यार्थी असू शकतात.

कण्याला इजा झाली, की मेंदूचा हुकूम पायांपर्यंत पोहोचत नाही. डिस्प्रॅक्सियात तार शाबूत असते, हुकूमही पोहोचतो; पण कोणता स्नायू आधी, कोणता नंतर, किती जोराने आणि किती वेळ, ही आखणी जुळत नाही. एरवी आपला मेंदू, विशेषतः लहान मेंदू, हालचाल होण्याआधीच तिचा अंदाज बांधतो आणि चूक दिसताच सुधारतो. सरावाने हे काम आपोआप होऊ लागते. या मुलांत ते आपोआप होण्यास फार वेळ लागतो. प्रत्येक हालचाल त्यांना लक्ष देऊन करावी लागते, म्हणून ती लवकर थकतात.

यातली अडचण स्वतः अनुभवायची असेल, तर खुर्चीवर बसून उजवा पाय घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने गोल फिरवा. त्याच वेळी उजवा हात उलट दिशेने फिरवा. क्षणभरात पाय हाताचे ऐकू लागेल! शक्ती कमी पडली नाही, आखणी कोलमडली.

पोहायला कसे शिकवावे?

पोहताना दोन्ही हात आळीपाळीने, पाय वेगळ्या तालात आणि श्वास ठरावीक क्षणी, अशी तिहेरी कसरत असते. डिस्प्रॅक्सियात नेमके हेच अवघड. पण पाण्याची सोयही मोठी आहे. जमिनीसारखे आपटण्याचे भय नसते. दाट पाण्यामुळे हालचाल संथ होते आणि चूक सुधारायला सवड मिळते. शिवाय सर्व अंगावर पाण्याचा दाब असल्याने हात कोठे आहे, पाय कोठे आहे, याची जाणीव अधिक होते.

शिक्षकांनी कामाचे तुकडे पाडावेत. आधी कठडा धरून पाण्यात श्वास सोडणे, मग तरंगणे, मग फक्त पाय, मग फक्त एक हात. एक तुकडा पक्का झाल्यावरच दुसरा जोडावा. पाठीवर पोहणे आधी शिकवणे बरे, कारण तोंड पाण्याबाहेर राहते आणि श्वासाचा ताल जुळवावा लागत नाही. लांबलचक सूचनांपेक्षा मुलाचा हात धरून ती हालचाल करवून घ्यावी. 'एक, दोन, श्वास' अशी मोजणी तालाला मदत करते. पूर्वी आपल्याकडे कमरेला वाळलेला भोपळा बांधून विहिरीत उतरवत, तेही असेच होते : तरंगण्याची चिंता भोपळ्यावर सोपवायची आणि हातपायांकडे लक्ष द्यायचे.

महाबळेश्वरला उगम पावून वाई, कऱ्हाड, सांगलीवरून वाहणाऱ्या कृष्णेच्या काठी पोहणे हे केवळ हौसेचे नव्हे. २००५ आणि २०१९ चे महापूर येथील लोकांच्या आठवणीत आहेत. पुराच्या पाण्यात पट्टीच्या पोहणाऱ्यानेही उतरू नये, हे खरे; पण एरवीच्या नदी-विहिरींजवळ वाढणाऱ्या मुलाला 'तुला जमणार नाही' म्हणून काठावर ठेवणे म्हणजे त्याला धोक्यात ठेवणे होय. शिकणे मात्र जाणत्या माणसाच्या देखरेखीखाली आणि उथळ पाण्यातच सुरू व्हावे.

स्पर्धेचे गट

पेटकरांच्या काळी कणा कोणत्या पातळीवर दुखावला आहे, यावरून स्पर्धकांचे गट पाडत. आता शरीर प्रत्यक्षात किती काम करते, हे पाहतात. मुक्त शैलीत शारीरिक वैगुण्यासाठी एस १ ते एस १०, दृष्टिदोषासाठी एस ११ ते एस १३ आणि बौद्धिक अक्षमतेसाठी एस १४ असे गट आहेत. पहिल्या दहांत आकडा जितका लहान, तितकी मर्यादा मोठी. शारीरिक वैगुण्याचा गट ठरवताना तज्ज्ञ खेळाडूला आधी पाण्याबाहेर तपासतात, मग पाण्यात, आणि प्रत्यक्ष शर्यतीतही न्याहाळतात.

भारतात २०१६ च्या दिव्यांगजन हक्क कायद्याने विशिष्ट अध्ययन अक्षमतेत डिस्प्रॅक्सियाचा उल्लेख केला आहे. पॅरा-जलतरणाच्या पात्र वैगुण्यांच्या यादीत मात्र ते नाव नाही. त्यामुळे कायद्याने मान्यता असलेल्या मुलाला स्पर्धेचा गट मिळेलच, असे नाही. अशा मुलांचे मैदान बहुधा शाळेचा तलाव आणि शाळेच्याच स्पर्धा. तेथे त्यांना जागा मिळते की नाही, हे शिक्षकांवर आणि सोबत्यांवर अवलंबून आहे. शर्यत कुणाशी, याला फार महत्त्व नाही. मागच्या महिन्यात १० मीटर आणि या महिन्यात १५, हीदेखील नोंदवहीत लिहिण्याजोगी प्रगती आहे.

विचार करा

१. ४० किलो वजनाच्या मुलाने पूर्ण श्वास सोडला, तर तो तरंगेल की बुडेल? का?

२. पाय न हलवता पोहणाऱ्याने डोके वर उचलले, तर वेग का घटेल? आकृती काढून दोन्ही बले दाखवा.

३. तुमच्या वर्गात खेळाच्या तासाला नेहमी काठावर बसणारा कोणी आहे का? एखादा खेळ त्याच्यासाठी तुकड्या-तुकड्यांनी कसा शिकवाल, ते लिहून काढा आणि शिक्षकांना दाखवा.