पीक गेल्यावर घर सांभाळताना : काय करावे, काय टाळावे

काय करावे

• नेहमीच्या वेळीच उठा. शेतात काम नसले तरी धारा आणि चारापाणी स्वतः करा.
• दोन्ही वेळा घरच्यांबरोबर जेवायला बसा, चतकोर भाकरीच जात असली तरी.
• बँक, सोसायटी, कृषी सेवा केंद्र, हातउसने असे सगळे देणे एका वहीत मांडा. डोक्यातला आकडा रात्री वाढतो.
• ती वही घरच्यांना दाखवा. अंदाज सगळ्यांना आलेलाच असतो.
• तलाठी पंचनाम्याला येतील तेव्हा बांधावर हजर राहा आणि सोबत कोणाला तरी न्या.
• कर्जाच्या पुनर्गठनाचा अर्ज लेखी द्या, पोच घ्या. तोंडी आश्वासनावर झोप लागत नाही.
• फवारणीची औषधे कुलपात ठेवा आणि किल्ली दुसऱ्याकडे द्या. ‘मला काही होत नाही’ म्हणणाऱ्यांनीही.
• पारावर किंवा डेअरीवर रोज एकाशी तरी बोला. विषय शेतीचाच हवा असे नाही.
• घरातल्या बाईची विचारपूस करा. ती रडत नाही म्हणजे तिला झोप लागते असे नाही.
• दोन आठवडे झोप नाही, भूक नाही, कशात जीव लागत नाही, असे झाले तर प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवा. आशाताईंना सांगितले तरी चालेल.
• १४४१६ हा टेली-मानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा क्रमांक भिंतीवर लिहा. चोवीस तास, मोफत, मराठीतही बोलता येते.
• कोणी निरवानिरवीची भाषा करू लागले, तर ‘जिवाचे बरेवाईट करायचे मनात येते का?’ असे सरळ विचारा; विचारल्याने तो विचार मनात शिरत नाही.
• उत्तर ‘हो’ आले तर त्या माणसाला क्षणभरही एकटे सोडू नका. धोका दिसताच ११२ लावा.

काय टाळावे

• पावसाचे अंदाज आणि बाजारभाव दिवसभर पाहू नका. सकाळी एकदा पुरे.
• रात्री वही उघडू नका.
• झोपेसाठी दारू घेऊ नका. लागलेली झोप पहाटेआधीच मोडते.
• विनापरवाना सावकाराकडे जाऊ नका, कोऱ्या कागदावर सही तर मुळीच नको; त्रास झाल्यास तालुक्याच्या सहायक निबंधकांकडे तक्रार करा.
• जमीन किंवा बैलजोडी विकायचा निर्णय ऐन धक्क्यात घेऊ नका.
• ‘तुझ्या फीपायी’ असे मुलांना बोलू नका. ती शाळा सोडायचे मनात धरून बसतात.
• आहेर जमत नाही म्हणून लग्नकार्य चुकवू नका. कोणी काय दिले ते लिहिणारे लिहितीलच, आपण जेवून यावे.
• भेटायला गेलात तर ‘होईल सगळे ठीक’ म्हणून उठू नका. बसा, चहा घ्या, ऐका.
• शेजारच्या गावातल्या वाईट बातमीचे फोटो आणि व्हिडिओ पुढे पाठवू नका.
• डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या मध्येच सोडू नका. फरक दिसायला काही आठवडे लागतात.
• कोणी जीव द्यायचा प्रयत्न केला, तर पोलीस केसच्या भीतीने दवाखान्यात न्यायला उशीर करू नका. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ अशा माणसाला तीव्र तणावाखालचा मानतो, गुन्हेगार नव्हे.
• तो माणूस घरी परतल्यावर ‘असे का केलेस’ ही चौकशी मांडू नका.