भिंतीतील तारांचा सांधा
घरातील वीजजोडणी नव्याने करताना दोन तारा एकमेकींस पिळून, वर चिकटपट्टी गुंडाळून तो सांधा गिलाव्याखाली बुजविण्याची रीत अद्याप आढळते. ती घातक होय. सैल सांध्यात रोध वाढून तो तापतो. प्रवाह दुप्पट झाल्यास उष्णता चौपट होते. फ्यूज मात्र वितळत नाही, कारण प्रवाह मर्यादेतच असतो. आवरण भिंतीआड करपत राहते. यास्तव परवानाधारक वायरमनकडून, मेन स्विच बंद करवून, सांधा जंक्शन बॉक्समध्येच स्क्रूच्या कनेक्टरने आवळून घ्यावा. झाकण गिलाव्याबाहेर, उघडता येईल असे असावे. (ते रंगाखाली झाकण्याचा मोह पुष्कळांस होतो.) वर्गात २३० व्होल्टच्या तारेस हात न लावता विजेरीचा सेल, दिवा व सैल पिळलेली तार घ्यावी. सांधा हलविताच दिवा लुकलुकतो. आवळताच स्थिर होतो.