डॉक्टरांनीच लिहून दिली होती ना?

प्रश्न : माझ्या यजमानांचं कमरेच्या मणक्याचं ऑपरेशन झालं तेव्हा ट्रॅमाडॉल आणि पॅरासिटामॉल एकत्र असलेली गोळी दहा दिवसांसाठी दिली होती. त्याला आता सव्वा वर्ष होईल, गोळी चालूच आहे. दिवसाला दोन होत्या, आता सहा-सात लागतात. स्ट्रिप कधी कपाटात कपड्यांखाली, कधी स्कूटरच्या डिकीत सापडते. विचारलं की चिडतात, "दारू पितोय का मी? डॉक्टरांनीच लिहून दिलंय ना!" मागच्या महिन्यात मी सगळ्या गोळ्या फेकून दिल्या. दुसऱ्या दिवशी जुलाब, घाम आणि कंबर इतकी दुखायला लागली की शेवटी मीच मेडिकलमधून आणून दिली. हे खरंच व्यसन म्हणायचं का? आणि घरच्या घरी सुटेल का?
— एक वाचक, सांगली जिल्हा

उत्तर : ताई, तुम्ही लिहिलंय त्यावरून हे व्यसनच दिसतं. घरच्या घरी, एका दिवसात बंद करून ते सुटणार नाही. तसा प्रयत्न पुन्हा करूही नका.

आधी यजमानांच्या युक्तिवादाचं पाहू, कारण तो त्यांचा एकट्याचा नाही. अख्खी अमेरिका त्यावर फसली. 1980 साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये पाच वाक्यांचं एक पत्र छापून आलं. रुग्णालयात अफूवर्गातली वेदनाशामकं दिलेल्या 11,882 रुग्णांपैकी फक्त चौघांना व्यसन लागल्याची नोंद सापडली, एवढंच त्यात होतं. हे रुग्ण दाखल असलेले, नर्सच्या हातून औषध घेणारे. घरी महिनोन् महिने गोळ्या घेणाऱ्यांबद्दल त्या पत्रात अवाक्षर नव्हतं. तरी पुढची अनेक वर्षं 'डॉक्टरांनी दिलेल्या औषधाचं व्यसन क्वचितच लागतं' याचा पुरावा म्हणून ते शेकडो लेखांत फिरत राहिलं. 1996 साली ऑक्सिकॉन्टिन ही गोळी बाजारात आली ती याच हवेत. तिच्या धोक्याबद्दल दिशाभूल केल्याचा गुन्हा 2007 साली ती बनवणाऱ्या पर्ड्यू कंपनीच्या बाजूने न्यायालयात कबूल झाला, तोवर व्हायचं ते नुकसान होऊन गेलं होतं. मेंदू प्रिस्क्रिप्शन वाचत नाही, ताई.

सगळ्या पेनकिलर मात्र एका माळेत ओवू नका. डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन यांचा अतिरेक पोटात अल्सर करतो, किडनी बिघडवतो. पण अशी ओढ लावत नाही. ट्रॅमाडॉल अफूच्या कुळातलं. मेंदूत अफू जिथे जाऊन बसते तिथेच तेही बसतं, आणि शिवाय नैराश्यावरच्या काही गोळ्यांसारखं मनही उचलून धरतं. म्हणून अनेकांना त्याने गुंगीऐवजी तरतरी येते. ते बरेच दिवस सौम्य म्हणून खपलं. आपल्याकडे एप्रिल 2018 मध्ये ते अमली पदार्थांच्या कायद्याखाली आलं. स्ट्रिप उलटून पाहा, त्यावर लाल अक्षरात 'एनआरएक्स' छापलेलं असायला हवं. चिठ्ठीशिवाय ही गोळी देणारा मेडिकलवाला तुमच्यावर उपकार करत नाहीये.

आता त्या दुसऱ्या दिवसाबद्दल. तुम्हाला वाटलं ऑपरेशनचं दुखणं उसळलं. मला वाटतं ते बहुतांशी गोळी तुटल्याचं दुखणं होतं. आठवून पाहा : मणक्याचं दुखणं वाकलं, ओझं उचललं, फार वेळ बसलं की वाढतं, आणि बहुधा एका जागी किंवा एका पायात उतरतं. गोळी तुटली की सगळं अंग मोडून येतं, जांभयांवर जांभया, नाक गळतं, अंगावर काटा येतो, पोटात मुरडा, पाय स्वस्थ राहत नाहीत, झोप नाही. ट्रॅमाडॉलमध्ये काहींना यावर प्रचंड घबराट होते, भासही होतात. मग गोळी पोटात गेली की तासाभरात नाक, पोट, मन सगळं एकदम ताळ्यावर. रुग्णाला वाटतं, बघा, माझी कंबर किती वाईट आहे! दर वेळी हाच धडा मिळतो आणि गोळीवरचा विश्वास घट्ट होतो. त्यातून दीर्घकाळ ही औषधं घेतल्यावर काहींचे मज्जातंतू जास्तच हळवे होतात, म्हणजे गोळीच दुखणं वाढवते.

नुसती शरीराला सवय लागणं म्हणजे मात्र व्यसन नव्हे. कॅन्सरच्या रुग्णाला मॉर्फिन महिनोन् महिने द्यावं लागतं, ते तुटलं तर त्यालाही त्रास होईल. त्याला व्यसनी म्हणणं अन्याय आहे. आणि अशा रुग्णाची गोळी भीतीपोटी कमी करणं तर क्रूरपणा. तुमच्या पत्रातली मला खटकलेली खूण स्कूटरची डिकी आहे. लपवणं, आकडा वाढत जाणं, विचारलं की भडकणं. कंबर दुखत नसतानाही, साहेबांशी वाजलं म्हणून किंवा लग्नाला जायचंय म्हणून गोळी घेतली जाते का, ते एकदा पाहा.

सहा-सात गोळ्यांचा हिशेब मला काळजीत टाकतो. एका गोळीत साधारणपणे साडेसदतीस मिलिग्रॅम ट्रॅमाडॉल असतं. दिवसाला 400 ही कमाल मर्यादा, त्यापुढे फिट येण्याचा धोका बराच वाढतो. नैराश्याच्या काही गोळ्या सोबत असतील किंवा पूर्वी कधी फिट आली असेल, तर त्याच्या आतही येऊ शकते. आकडा वाढला तर पॅरासिटामॉल यकृतावर बसतं. दारू किंवा झोपेची गोळी यात मिसळली तर श्वास मंदावतो. त्यांना उठवता येत नसेल, ओठ निळसर दिसत असतील, तर वाट न पाहता 108 ला फोन करा.

सुटण्याचा रस्ता आहे, आणि तो तुम्हाला वाटतो त्यापेक्षा सौम्य आहे. मानसोपचारतज्ज्ञ मात्रा टप्प्याटप्प्याने उतरवतात. किती आणि किती दिवसांनी, ते माणसागणिक ठरतं. त्रास आवरायला वेगळी औषधं असतात. व्यसन जुनं असेल तर ब्युप्रेनॉर्फिन ही जिभेखाली ठेवायची गोळी देखरेखीखाली देतात. 'एक व्यसन सोडवून दुसरं लावलं' असं लोक म्हणतात. ते खरं नाही, त्याने माणूस कामावर परत जातो. सोबत कमरेचा खरा इलाज हवाच : फिजिओथेरपी, स्नायूंचे व्यायाम, ऑपरेशन केलेल्या डॉक्टरांकडे पुन्हा एकदा तपासणी. दुखणं तसंच ठेवून गोळी काढली तर गोळी परत येणारच.

एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. काही आठवडे बंद ठेवल्यावर शरीराची सहन करण्याची ताकद उतरते. तेव्हा कोणी जुन्याच आकड्यावर परतला तर जीव जाऊ शकतो.

गोळ्या फेकू नका, मोजू नका, मुलांसमोर विषय काढू नका. सकाळी ते बरे असताना एवढंच म्हणा, "तुमची कंबर खोटी आहे असं मी म्हणत नाही. पण ही गोळी आता कंबरेसाठी राहिलेली नाही. आपण दोघं मिळून दाखवून येऊ." मिरजेचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय तुम्हाला जवळ आहे. दाखल होऊनच उपचार घ्यायचे ठरले, तर पुण्यात डॉ. अनिल आणि डॉ. सुनंदा अवचट यांनी 1986 साली सुरू केलेलं मुक्तांगण आहे. यजमान यायला तयार नसतील तर आधी तुम्ही एकट्या जा. आणि तेही आज जमत नसेल, तर व्यसनमुक्तीसाठीची 14446 ही सरकारी हेल्पलाइन मोफत आहे, घरच्यांनीही फोन केला तरी चालतो.