तोडणीचा कार्यक्रम आणि कोपीतलं बाळ



गळीत हंगाम सुरू झाला की आपल्या सातारा-सांगली भागात बीडकडच्या, जतकडच्या टोळ्या उतरतात. कोयते किती, गाड्या किती, हे आम्ही गट ऑफिसात मोजतो. झोळीतली पोरं मात्र कोणी मोजत नाही.

गेल्या हंगामात एका फडात पाचटावर निजवलेलं चार महिन्यांचं पोर दिसलं. लसी झाल्या का, विचारलं. आई म्हणाली, "जन्मल्यावर टोचलंय. कार्ड गावाकडंच ऱ्हायलं."

जन्मल्यावर बीसीजी, पोलिओचे थेंब आणि 24 तासांच्या आत कावीळ-ब देतात. पुढे 6, 10 आणि 14 आठवड्यांना पेंटाव्हॅलंट. ही एकच सुई घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात, कावीळ-ब आणि हिब अशा पाच रोगांवर चालते. सोबत पोलिओ व रोटाचे थेंब. 6 आणि 14 आठवड्यांना पोलिओची सुई व न्यूमोनियाची लस. 9 महिने पुरे झाल्यावर गोवर-रुबेला, न्यूमोनियाचा बूस्टर आणि पोलिओची तिसरी सुई. गोवर-रुबेलाचा दुसरा डोस 16 ते 24 महिन्यांत.

आता हिशोब करा. 10 नोव्हेंबरला जन्मलेल्या बाळाच्या तारखा 22 डिसेंबर, 19 जानेवारी आणि 16 फेब्रुवारी येतात. तिन्ही ऐन हंगामात, फडातच! लागणीनंतर सहा-आठ आठवड्यांचा नत्राचा हप्ता आपण चुकवत नाही. इथं तिन्ही हप्ते चुकतात. आणि गोवर दाटीवाटीच्या वस्तीत झपाट्याने पसरतो. 2022 साली मुंबई, भिवंडी, मालेगावात साथ आलीच होती.

एक बरं आहे. डोस राहिला तरी पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नाही. राहिला तिथून पुढे द्यायचे, मध्ये किमान 4 आठवडे सोडून. मात्र पेंटाव्हॅलंटचा पहिला डोस वर्षाच्या आत व्हावा. किरकोळ सर्दी-पडशासाठी लस टाळू नये. टोचल्यावर कणकण येते, दोन दिवसांत उतरते. बाळ परजिल्ह्यातलं असलं तरी उपकेंद्रात लस फुकट मिळते. कार्ड नसेल तर नवीन करून देतात.

खरी अडचण निराळीच. कोयता नवरा-बायकोच्या जोडीचा. बाई बाळाला घेऊन गेली की मोळ्या थांबतात, खाडा धरला जातो आणि मुकादम कुरकुरतो. तिथं ज्याच्या रानात टोळी आहे त्या सभासदाने शब्द टाकावा, दोन तास मोकळे करून द्यावेत. यंदा स्लीपबॉयच्या वहीत आम्ही 'दोन वर्षांखालील मुले' हा रकाना वाढवला आहे. टोळी उतरल्यावर आठवड्याच्या आत आकडा सांगावा, आणि गावच्या आशाताईंना कोप्या कुठे पडल्यात ते दाखवावे.