एकेचाळिसावा थेंब

माझा धाकटा भाऊ पीयूसीच्या प्रॅक्टिकलला दोनदा चुकला. टायट्रेशनमध्ये फिकट गुलाबी छटा आली की थांबायचं असतं. हा पुढे थेंब सोडतच राहिला. पोराचं लक्ष नाही, असं घरी सगळे म्हणाले. मीही म्हणाले. मग डोळे तपासले, तेव्हा कळलं की लाल-हिरव्यातला फरक त्याला नीट दिसतच नाही. "आर्ट्सला जातो तुझ्यासारखा," तो म्हणाला.

रसायनशास्त्रज्ञ जॉन डाल्टनचे डोळेही असेच होते. १७९४ मध्ये त्याने स्वतःच्या दृष्टीवरच निबंध वाचला. आज तर मदतीला कॅमेरा आहे. ग्लासगोच्या स्ट्रॅथक्लाइड विद्यापीठात मार्क रीड यांच्या गटाने 'कायनेटिकलर' हे सॉफ्टवेअर बनवलं. ते व्हिडिओतल्या रंगबदलावरून अभिक्रिया कशी पुढे सरकते ते मोजतं.

यामागचं तत्त्व सोपं आहे. फोटोतल्या प्रत्येक ठिपक्याला लाल, हिरवा, निळा असे तीन आकडे असतात, ० ते २५५. रंग बदलला की आकडे बदलतात.

सुट्टीत आम्ही कणकुंबीच्या घरी करून पाहिलं. पेल्यात पाणी, व्हिनेगरचे दोन थेंब, स्पिरिटमध्ये भिजवलेली थोडी हळद. त्यात आजीच्या पानाच्या डब्यातल्या चुन्याची निवळी थेंब थेंब सोडली. आम्लात हळद पिवळी राहते, अल्कात तांबडी होते. पिवळं द्रावण लाल आणि हिरवा प्रकाश सोडतं, निळा शोषतं. तांबडं झालं की हिरवाही शोषतं. म्हणून लक्ष हिरव्या आकड्यावर ठेवायचं. प्रत्येक थेंबानंतर ढवळून फोटो काढायचा, आडव्या अक्षावर थेंब, उभ्यावर हिरवा आकडा मांडायचा. आलेख जिथे एकदम कोसळतो, तिथे अंत्यबिंदू.

पहिल्यांदा आलेख भलतीकडेच कोसळला. कारण? पावसात वीज गेली होती आणि आम्ही मेणबत्ती लावली होती! म्हणून प्रकाश एकच ठेवा, फोनचं आपोआप उजेड जुळवणं बंद करा, मागे पांढरा कागद लावा. शिवाय, जिथे डोळ्याला दिसण्यासारखं काही बदलतच नाही, तिथे हा साधा कॅमेराही आंधळाच.

दुसऱ्यांदा मी डोळ्यांनी पाहत होते, तो आकडे लिहीत होता. "थांब, एकेचाळीस," आम्ही एकदमच म्हणालो.

मी त्याची माफी मागितली. बीएस्सीचा फॉर्म त्याने स्वतःच भरला.