वैद्यकीय नियतकालिकासाठी संदर्भलेखन : नियम आणि जबाबदारी

जनावरांतील ब्रुसेलोसिस, भातखाचरात काम करणाऱ्यांना होणारा लेप्टोस्पायरोसिस, फवारणीच्या वेळची विषबाधा, भरडधान्यांचे आहारमूल्य हे विषय जितके शेतीचे, तितकेच वैद्यकशास्त्राचेही आहेत. त्यामुळे कृषी विज्ञान केंद्रातील विषयविशेषज्ञ, पशुवैद्यक आणि डॉक्टर यांनी मिळून लिहिलेला शोधनिबंध वैद्यकीय नियतकालिकाकडे पाठविण्याचे प्रसंग येतात. अशा वेळी संदर्भांची मांडणी हा भाग अनेकदा अखेरच्या दिवसावर ढकलला जातो. वास्तविक, निबंधातील विधान कोणत्या आधारावर उभे आहे, हे वाचकाला स्वतः तपासता यावे यासाठीच संदर्भ असतो. मांडणीचे सर्व नियम या एका हेतूतून आलेले आहेत.

क्रमांकपद्धती

कृषी नियतकालिकांत बहुधा लेखकाचे आडनाव आणि वर्ष मजकुरात देण्याची पद्धत आढळते. वैद्यकीय नियतकालिकांत मात्र क्रमांकपद्धती रूढ आहे. १९७८ मध्ये काही वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांची कॅनडातील व्हँकुव्हर येथे बैठक झाली. तिच्यातून तयार झालेले नियम १९७९ मध्ये प्रसिद्ध झाले. म्हणून या पद्धतीला ‘व्हँकुव्हर पद्धती’ म्हणतात.

या पद्धतीत संदर्भ मजकुरात ज्या क्रमाने प्रथम येतात, त्याच क्रमाने त्यांना अंक दिले जातात. तोच संदर्भ पुन्हा आल्यास आधीचाच अंक वापरावा. केवळ तक्त्यात किंवा आकृतीत आलेल्या संदर्भाचा क्रम, मजकुरात त्या तक्त्याचा पहिला उल्लेख जेथे येतो त्यावरून ठरतो. अंक कंसात द्यावा की ओळीच्या वर, हे प्रत्येक नियतकालिकाच्या लेखकांसाठीच्या सूचनांवरून पाहावे.

एका नोंदीची रचना

नोंद इंग्रजी निबंधात रोमन लिपीतच असते. तिची रचना समजण्यासाठी एक प्रत्यक्ष उदाहरण येथे देवनागरीत दिले आहे :

पोर्टर जे, जिक एच. ॲडिक्शन रेअर इन पेशंट्स ट्रीटेड विथ नार्कोटिक्स. एन इंग्ल जे मेड. १९८०;३०२(२):१२३.

आधी आडनाव, नंतर आद्याक्षरे. आद्याक्षरांपुढे टिंब नाही. लेखक सहापेक्षा अधिक असल्यास अनेक नियतकालिके पहिली सहा नावे देऊन पुढे ‘आणि इतर’ या अर्थाची लॅटिन संज्ञा लिहिण्यास सांगतात. त्यानंतर लेखाचे शीर्षक आणि नियतकालिकाचे संक्षिप्त नाव येते. हे संक्षेप मनाने करू नयेत. अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यक ग्रंथालयाच्या सूचीत दिलेलेच वापरावेत. पुढे वर्ष, खंड, कंसात अंक आणि शेवटी पृष्ठे. उपलब्ध असल्यास डीओआय क्रमांकही जोडावा.

वरील नोंदीत पृष्ठक्रमांक एकच आहे. म्हणजे हा सविस्तर शोधनिबंध नसावा, एवढे नोंदीवरूनच लक्षात येते. ही खूण पुढे महत्त्वाची ठरते.

शेतीक्षेत्रातून येणाऱ्या अडचणी

दक्षिण भारतातील अनेक लेखक आडनाव लावत नाहीत. त्यांच्या नावांची अदलाबदल सहज होते. अशा वेळी मूळ लेखात आणि सूचीत नाव कसे दिले आहे, ते पाहूनच लिहावे. मराठी पुस्तिकेचा संदर्भ देताना शीर्षकाचा इंग्रजी अनुवाद चौकोनी कंसात द्यावा आणि नोंदीच्या शेवटी भाषा नमूद करावी.

शेतकऱ्याने किंवा अधिकाऱ्याने प्रत्यक्ष भेटीत सांगितलेली माहिती संदर्भसूचीत घालता येत नाही. ती अत्यावश्यक असेल आणि अन्यत्र प्रसिद्ध झालेली नसेल, तरच मजकुरात सांगणाऱ्याचे नाव व दिनांक कंसात द्यावा. त्यासाठी त्या व्यक्तीची लेखी संमती घेणे आवश्यक आहे.

नोंद अचूक, आधार चुकीचा

वर दिलेली नोंद १९८० मधील, संपादकांना लिहिलेल्या एका परिच्छेदाच्या पत्राची आहे. रुग्णालयात दाखल असताना अफूवर्गीय औषध मिळालेल्या ११,८८२ रुग्णांपैकी, पूर्वी व्यसन नसलेल्या केवळ चौघांत व्यसनाची पुरेशी नोंद आढळली, असे त्यात म्हटले होते. घरी राहून दीर्घकाळ ही औषधे घेणाऱ्यांविषयी त्यात काहीही नव्हते.

२०१७ मध्ये कॅनडातील संशोधकांनी या पत्राचा आधार घेणारे ६०८ लेख तपासले. त्यांपैकी ४३९ लेखांत ते व्यसन दुर्मीळ असल्याचा पुरावा म्हणून वापरले होते. हे रुग्ण रुग्णालयात दाखल होते, ही गोष्ट ४९१ लेखांनी सांगितलीच नव्हती. उत्तर अमेरिकेत या औषधांच्या अतिवापराचे जे संकट उभे राहिले, त्याला अनेक कारणे होती. परंतु व्यसनाची भीती कमी होण्यास अशा न तपासलेल्या संदर्भांचाही हातभार लागला, असे या संशोधकांनी नोंदविले. त्यानंतर नियतकालिकाने मूळ पत्रासोबत वाचकांसाठी सावधगिरीची सूचना जोडली.

खंड, अंक आणि पृष्ठ अचूक लिहूनही संदर्भ चुकीचा ठरू शकतो, हे यावरून स्पष्ट होते.

याउलट उदाहरण पालकाचे आहे. जुन्या विश्लेषणात दशांशचिन्ह चुकल्यामुळे पालकातील लोह दहापट मानले गेले, असे १९८१ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमधील एका लेखात म्हटले होते. या विधानाला संदर्भ दिलेला नव्हता. तरीही ते अनेक वर्षे उद्धृत होत राहिले. पुढे मूळ शोधणाऱ्या अभ्यासकांना त्याला आधार सापडला नाही. चूक कशी पसरते, हे सांगणारी कथाच अशी तपासणीविना पसरली होती.

पाठविण्यापूर्वीची तपासणी

१. मूळ लेख पूर्ण वाचला आहे काय? केवळ सारांश किंवा दुसऱ्याच्या लेखातील उल्लेख यावर विसंबू नये.

२. विधान आणि मूळ निष्कर्ष जुळतात काय? कोणत्या गटावर, कोणत्या परिस्थितीत अभ्यास झाला, हे सांगितले आहे काय? एका विभागातील, एका जातीच्या जनावरांवरील निष्कर्ष देशभर लागू केलेला नसावा.

३. लेख मागे घेतला गेला आहे काय, हे पबमेडवर किंवा नियतकालिकाच्या संकेतस्थळावर पाहिले आहे काय?

४. मजकुरातील प्रत्येक अंकाला सूचीत नोंद आणि प्रत्येक नोंदीला मजकुरात अंक आहे काय? परिच्छेद मागेपुढे केल्यावर क्रम बिघडतो.

५. झोटेरो, मेंडेली यांसारख्या संगणकप्रणालीने भरलेली माहिती मूळ लेखाशी ताडून पाहिली आहे काय? सदोष माहिती मिळाल्यास प्रणाली ती तशीच छापते.

हीच शिस्त विस्तारकार्यातही उपयोगी आहे. घडीपत्रिकेत एखाद्या कीटकनाशकाची मात्रा लिहिताना ती कोणत्या शिफारशीतून, कोणत्या पिकासाठी आणि कोणत्या वर्षी आली, हे नोंदवून ठेवल्यास पुढील कार्यकर्त्याला ती पडताळता येते. शेतकरी त्या आकड्यावर विश्वास ठेवून फवारणी करतो. म्हणून तो आकडा कोठून आला, हे सांगता येणे ही लिहिणाऱ्याची जबाबदारी आहे.