संख्याशास्त्रात पीएच.डी. करावी का?

प्रश्न : मी चारोटीची. संख्याशास्त्रात एम.एस्सी. केले आहे. पीएच.डी.साठी काय करू? घरून पैशांची मदत शक्य नाही.

उत्तर : आधी सीएसआयआर-नेट ही परीक्षा द्या; संख्याशास्त्र त्यात ‘गणितीय विज्ञान’ या विषयात येते. तीतून ‘जेआरएफ’ (कनिष्ठ संशोधन फेलोशिप) मिळाली, तर 2023पासूनच्या दरानुसार पहिली दोन वर्षे दरमहा 37,000 रुपये मिळतात. आदिवासी विद्यार्थ्यांसाठी केंद्राची स्वतंत्र राष्ट्रीय फेलोशिपही आहे. पीएच.डी.ला किमान तीन वर्षे द्यावी लागतात, म्हणून विद्यापीठाच्या नावाआधी मार्गदर्शकाचे अलीकडचे शोधनिबंध वाचा. पुणे विद्यापीठाचा संख्याशास्त्र विभाग, आयआयटी मुंबई आणि, लोकसंख्या व आरोग्याची आकडेवारी आवडत असेल तर, देवनारची आयआयपीएस ही संस्था हे जवळचे पर्याय आहेत.

संशोधनाचा विषय मात्र दूर शोधू नका. सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे पां. वा. सुखात्मे लंडनला संख्याशास्त्रात डॉक्टरेट करून आले आणि पुढे नमुना पाहणी, पिकांचा अंदाज व पोषण यांवर त्यांनी आयुष्यभर काम केले. तुमच्या भागातही, डहाणू-तलासरीच्या पाड्यांवर, बालकांची वजने अंगणवाडीत नोंदली जातात. स्थलांतरामुळे त्यांत खंड पडतो. अशा अपुऱ्या नोंदींतून खरे चित्र कसे काढायचे, हा पीएच.डी.च्या तोलाचा प्रश्न आहे. तो तुमच्याइतका जवळून कोण ओळखणार? पीएच.डी. जरूर करा.